महागडं घड्याळ घेताना: एका घड्याळजीच्या टेबलावरून

मी घड्याळं विकत नाही, दुरुस्त करतो. शोरूमच्या काचेखाली झगमगणारं घड्याळ माझ्या टेबलावर येतं ते पाच-सात वर्षं वापरून झाल्यावर, मागचं झाकण उघडायची वेळ आली की. घेताना मालकाने नेमकं काय विचारायला हवं होतं, हे तेव्हा स्पष्ट दिसतं. म्हणून मोठ्या शहरात जाऊन, साठवलेले पैसे मोजून चांगलं मेकॅनिकल, म्हणजे सेलशिवाय स्प्रिंगवर चालणारं, घड्याळ घ्यायचा बेत असेल, तर सगळी निवड एका गोष्टीभोवती करा: हे घड्याळ एक दिवस उघडावं लागणार आहे.

आधी मेकॅनिकल हवं का, ते ठरवा. फक्त अचूक वेळ पाहिजे असेल तर सेलचं घड्याळ घ्या आणि निर्धास्त राहा. सायकोने 25 डिसेंबर 1969 रोजी ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झवर, म्हणजे सेलने कंप पावणाऱ्या स्फटिकावर, चालणारं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि अचूकतेची स्पर्धा तिथेच संपली. आज सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. मेकॅनिकल घड्याळातलं वेळ राखणारं, मागेपुढे झुलणारं बॅलन्स चाक सेकंदाला साधारण आठ ठोके देतं. ते घ्यायचं ते मशीनसाठी, त्यातल्या हातकामासाठी आणि पुढच्या पिढीलाही ते चालवता येईल म्हणून. मला विचाराल तर ही कारणं भरपूर आहेत.

अचूकतेबद्दल विक्रेता बोलायला लागला की प्रमाणपत्र कुठलं ते विचारा. डायलवर ‘क्रोनोमीटर’ लिहिलेल्या बहुतेक स्विस घड्याळांची मशीन सीओएससी या संस्थेकडून तपासून आलेली असते. तिथे मशीन 15 दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांना तपासतात. दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, एवढाच फरक तिथे चालतो. ‘मास्टर क्रोनोमीटर’ ही त्याच्या पुढची पायरी. तिच्यात पूर्ण जोडलेलं घड्याळ 15,000 गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात तपासलं जातं. प्रमाणपत्र नसलेलं घड्याळ वाईट असतं असं मुळीच नाही. पण मग दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक पडला तर तक्रार करता येणार नाही, हे आधीच माहीत असू द्या.

मोठ्या शहरात बड्या ब्रँडची दालनं बहुधा एकाच रस्त्यावर किंवा एकाच मॉलमध्ये असतात. सुरुवात त्या दालनांपासून करू नका. आधी अनेक ब्रँड ठेवणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. तिथे तीन कंपन्यांची तीन घड्याळं एकापाठोपाठ एक मनगटावर चढवून बघता येतात. कंपनीच्या स्वतःच्या दालनात फक्त तिचंच कौतुक ऐकायला मिळतं. कामाच्या दिवशी, दुकान उघडल्याबरोबर जा. शनिवारी-रविवारी गर्दीत विक्रेत्याला तुमच्यासाठी दहा मिनिटंही निवांत मिळत नाहीत. आणि पहिल्या भेटीत पैसे भरायचे नाहीत, हे घरूनच ठरवून निघा.

मनगटावर बांधल्यावर सगळे डायलचा व्यास विचारतात. त्यापेक्षा पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या आणि खालच्या कानांमधलं अंतर महत्त्वाचं. ते कान मनगटाच्या कडेबाहेर आले, की घड्याळ कितीही सुंदर असो, ते हातावर बसणार नाही, सतत दाराच्या चौकटीला घासत राहील. रोज जो शर्ट घालता तोच घालून जा, बाहीखाली घड्याळ सरकतं का पाहा. निदान पंधरा मिनिटं हातात राहू द्या. मग विनंती करून दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्या. दुकानातले दिवे मुद्दाम असे लावलेले असतात की काटे आणि कडा लखलखतात. उजेडात आणि सावलीत वेळ चटकन वाचता येते का, ते तिथेच कळतं.

आता भिंग मागा. चांगल्या दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच, आणि मागितलं म्हणून कुणी रागावत नाही. आधी काट्यांच्या कडा पाहा: सरळ, धारदार, कुठे कपची नाही ना? मग तास दाखवणाऱ्या खुणा एका रेषेत बसल्यात का आणि काचेच्या आतल्या बाजूला धुळीचा कण आहे का, ते पाहा. केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीवर, जिथे चकचकीत पॉलिश संपून रेघारेघांचं फिनिशिंग सुरू होतं, तिथली सीमा एखाद्या धाग्यासारखी बारीक आणि स्वच्छ हवी. कारागिराचा हात तिथेच कळतो. शेवटी चावी द्यायची बाजूची कळ, म्हणजे क्राउन, बाहेर ओढून काटे फिरवा. काटे ढिले वाटता कामा नयेत, आणि क्राउन परत आत ढकलताना मिनिटकाटा उडी मारता कामा नये. चावी देताना हाताला एकसारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. तारीख बदलून बघायची असेल तर आधी काटे सहावर आणा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, अशा वेळी घाईने तारीख फिरवली तर दाते तुटू शकतात.

मग माझ्या कामाचा प्रश्न: आत मशीन कुठली आहे? कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, क्रमांक विचारा आणि लिहून घ्या. कंपनीने स्वतः बनवलेली मशीन म्हणजे आपोआप श्रेष्ठ, हा समज विक्रेते आनंदाने पसरवतात. ईटीए 2824 किंवा सेलिटा एसडब्ल्यू200 या मशीन कितीतरी ब्रँडच्या घड्याळांत बसवलेल्या असतात. कुठल्याही जाणत्या कारागिराला त्या पाठ असतात. उलट अनेक मोठ्या कंपन्या आपल्या मशीनचे सुटे भाग बाहेरच्या माणसाला देतच नाहीत. एवढ्याशा चाकासाठी घड्याळ कंपनीकडेच पाठवावं लागतं आणि महिनोन्‌महिने थांबावं लागतं. म्हणून विचारा: सर्व्हिसिंग कुठे होतं? किती दिवस लागतात? आजचा दर काय? बदललेले जुने भाग परत देता का? आणि न विचारता केस पॉलिश करता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. प्रत्येक पॉलिशमध्ये धातूचा पातळ थर जातो, आणि दोन-तीनदा झालं की भिंगातून पाहिलेल्या त्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घेत असाल तर सर्व्हिसिंगचा खर्च साध्या घड्याळापेक्षा बराच जास्त येईल, त्यात भाग जास्त असतात. पातेक फिलिपसारखी कंपनी 1839 पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून द्यायची हमी देते. अशी हमी मला सोन्याच्या केसपेक्षा मोलाची वाटते.

‘स्विस मेड’ या शब्दांवरही थोडं. 2017 पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवा. म्हणजे उरलेलं बाहेरून येऊ शकतं. यात काही गैर नाही, फक्त त्या दोन शब्दांसाठी वेगळे पैसे मोजू नका.

पाण्याबद्दल मात्र कुणाचं ऐकू नका. मागच्या झाकणावर 30 मीटर लिहिलंय म्हणजे ते घालून पोहता येतं असं नाही, हात धुताना उडालेलं पाणी ते सहन करेल इतकंच. पोहायचं असेल तर 100 मीटरचं घ्या आणि झाकणाखालची रबर रिंग वेळोवेळी तपासून घ्या. ती कडक होते. गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ आत शिरून डायल डागाळलेली चांगली चांगली घड्याळं मी उघडली आहेत. डायलवरचा असा डाग पुसून जात नाही.

कागदपत्रं शेवटी, पण तिथे ढिलाई नको. वॉरंटी कार्डावर खरेदीची तारीख आणि अधिकृत विक्रेत्याची नोंद हवी, आणि कार्डावरचा सीरियल नंबर घड्याळावर कोरलेल्या नंबरशी अंक न्‌ अंक जुळायला हवा. तो तुम्ही स्वतः, भिंगातून जुळवा. अनधिकृत दुकानात तेच मॉडेल स्वस्त मिळतं, माल खराही असू शकतो, पण बिघडल्यावर कंपनी वॉरंटी मानेलच असं नाही. माझ्याकडे एक गृहस्थ असं घड्याळ घेऊन आले होते. खरेदीला वर्षही झालं नव्हतं. कार्ड कोरं, दुकानदार हात वर करून मोकळा. दुरुस्ती खिशातून करावी लागली.

जुनं घ्यायचं असेल तर झाकण उघडून मशीन दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर तिथून निघा. डायल नंतर रंगवलेली आहे का, काटे त्याच मॉडेलचे आहेत का, हे उघडल्याशिवाय आणि जाणत्याला दाखवल्याशिवाय कळत नाही. रोलेक्सने 2022 च्या अखेरीपासून अधिकृत विक्रेत्यांमार्फत तपासून, प्रमाणित केलेली वापरलेली घड्याळं द्यायला सुरुवात केली आहे. किंमत जास्त पडते, पण झोप शांत लागते.

काही मॉडेलसाठी प्रतीक्षायादी असते. ‘आधी हे दुसरं घ्या, मग त्याचं बघू’ असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. नको असलेलं घड्याळ कपाटात पडून राहतं, आणि न चालवलेल्या घड्याळातलंही तेल सुकतं.

घड्याळ घरी आल्यावर पहिला महिना रोज एकाच वेळी ते फोनच्या वेळेशी ताडून बघा आणि फरक वहीत टिपा. विक्रेत्याशी बोलताना ही नोंद फार उपयोगी पडते. रोज दोन-चार सेकंदांनी पुढे जाणारं घड्याळ एखाद्या दिवशी अचानक काही मिनिटं पुढे गेलं तर घाबरू नका. बहुधा ते स्पीकरजवळ किंवा चुंबकाची कडी असलेल्या पिशवीत राहिलेलं असतं. चुंबकामुळे बॅलन्स चाकाच्या, डोक्यावरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक घाईघाईने फिरू लागतं. झाकण उघडायची गरज नसते. विक्रेत्याकडे किंवा घड्याळजीकडे नेऊन चुंबकत्व काढून द्या म्हणा, हे काम दोन मिनिटांचं आहे.