वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी तोलाचा सराव कसा करावा

वयाची पासष्टी ओलांडलेल्या साधारण तीन माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. पहिल्या पडण्यानंतर घरात बहुधा एकच सल्ला ऐकू येतो: जपून राहा, उगाच उठबस करू नका. हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो घातक ठरतो, कारण भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने मांड्यांतली ताकद उतरते आणि पुढचे पडणे आणखी जवळ येते. तोल सावरणे हे शरीराचे एक कौशल्य आहे आणि ते ऐंशीव्या वर्षीही सरावाने सुधारते. फिजिओथेरपीचा सगळा भर या गोष्टीवर असतो.

उभे असताना मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर मिळत असते: डोळे, कानाच्या आतल्या भागातील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय व सांधे. शरीर किंचित कलले की आधी घोटे ते सावरतात, जास्त कलले तर कंबर व खुबे कामाला लागतात आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पाऊल झटकन पुढे किंवा बाजूला टाकावे लागते. वय वाढते तसे वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक झिजतात, म्हणून हे शेवटचे पाऊल उशिरा पडते. अनेक ज्येष्ठ रोज नियमाने फिरतात आणि तरीही पडतात, त्यामागे हेच कारण असते. सरळ रस्त्यावर चालण्याने दम वाढतो आणि चालणे चांगलेच आहे, परंतु तोल ढळवून सावरण्याचा सराव त्यातून पुरेसा होत नाही.

सुरुवात तपासणीने करावी. फिजिओथेरपिस्ट हात असलेल्या खुर्चीवरून उठून 3 मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगतात. यासाठी 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. दुसऱ्या चाचणीत हात छातीवर घेऊन 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात स्त्रियांना 10 आणि पुरुषांना 12 वेळा उठता आले नाही, तर पायांची ताकद कमी पडते आहे असा अर्थ होतो. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून एका रेषेत 10 सेकंद उभे राहता न येणे हीदेखील धोक्याची खूण आहे. आकड्यांइतकेच महत्त्वाचे असते ते चालणे पाहणे: वळताना किती छोटी पावले पडतात, पाऊल जमिनीवर घासते का, कोणी बोलले की चालणे थांबते का. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबही मोजून घ्यावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचारही त्याच भेटीत करून घ्यावा, मात्र स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये.

एकच व्यायाम निवडायचा झाला, तर मी खुर्चीतून उठण्याचा निवडेन, आणि तो नीट कसा करावा हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेकांचा तो घाईत बिघडतो. भक्कम, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकून बसावे, पावले खुब्याइतकी रुंद ठेवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकावे. या झुकण्यालाच ज्येष्ठ घाबरतात आणि पाठ मागे ठेवून उठू पाहतात, म्हणून ते पुन्हा खुर्चीत आदळतात. वजन पावलांवर आल्याची जाणीव झाली की टाचांनी जमीन दाबून पूर्ण सरळ उभे राहावे, एक श्वास घ्यावा आणि मग मनात चार आकडे मोजत हळूहळू खाली बसावे. धपकन बसू नये. मांडीचे स्नायू शरीराचे वजन रोखून धरतात ते या खाली येण्यात, आणि पायऱ्या उतरताना हीच ताकद लागते. आठ ते दहा वेळा उठल्यावर मिनिटभर विसावा घेऊन पुन्हा तेवढेच करावे. गुडघे दुखत असतील तर बैठकीवर घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवावी. सुरुवातीला हातांचा आधार घेण्यात कमीपणा नाही, तो आठवड्यागणिक कमी करत न्यावा. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर किती वाकावे हे आधी शल्यचिकित्सकांना विचारावे.

यानंतर ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचलाव्यात, मग चवडे उचलावेत. चवडे उचलण्याकडे सहज दुर्लक्ष होते, पण नडगीचे स्नायू कमजोर झाले की पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि सतरंजीच्या कडेलाही ठेच लागते. पाय बाजूला नेण्याच्या व्यायामाने खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात. चालताना प्रत्येक पावलागणिक एका पायावर उभे राहावे लागते, तेव्हा शरीर कलू न देण्याचे काम हेच स्नायू करतात.

तोलाचा व्यायाम थोडा अवघड वाटला तरच उपयोगी पडतो. पाय जुळवून दहा सेकंद आरामात उभे राहता आले, तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल अर्धे पुढे घ्यावे, मग पूर्ण रेषेत, मग एका पायावर. दोन्ही हातांचा आधार एका हाताचा करावा, नंतर दोन बोटांचा. पुढे मान उजवीकडे-डावीकडे वळवत चालणे, आडवी पावले टाकणे, वळणे, आणि चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत मोजणे यांची भर घालावी, कारण रोजच्या जगण्यात लक्ष दुसरीकडे असतानाच पाय चुकतो. पाठीमागे भिंत किंवा कोपरा, समोर धरायला आधार आणि सुरुवातीचे दिवस शेजारी माणूस, एवढी व्यवस्था असल्याशिवाय हा सराव करू नये. छातीत दुखणे, भोवळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर लगेच थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून येणे मात्र स्वाभाविक आहे.

किती करावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तोल आणि रोजच्या हालचालींवर आधारित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे, आणि आठवड्याला तीन तास आव्हानात्मक सराव करणाऱ्यांना फायदा अधिक मिळतो. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो व्यायामक्रम घरी आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास करण्यासाठी बेतलेला आहे. एकदम अर्धा तास झेपत नसेल तर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे करावीत. सराव सुटला की मिळालेला लाभही काही महिन्यांत ओसरतो, म्हणून महिनाभराची उपचारपद्धती समजून तो थांबवू नये.

घरातील बदलांबद्दल थोडक्यात: रात्री पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत उजेड असावा, घरातही टाच धरून ठेवणारी, न घसरणारी पादत्राणे वापरावीत आणि दूर-जवळचे एकत्र नंबर असलेला चष्मा लावून जिने उतरताना विशेष सावध असावे. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीजवळ यावी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

पडल्यावर जमिनीवरून उठण्याचा सरावही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधीच करून ठेवावा, कारण तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिल्यास स्नायूंची हानी होते आणि शरीरातले पाणी कमी होते. पडल्याबरोबर उठण्याची धडपड करू नये. क्षणभर स्वस्थ राहून कुठे तीव्र दुखते आहे का ते पाहावे. दुखत नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर आणि मग हातांवर भार देत रांगत्या स्थितीत यावे, रांगत खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवून बळकट पायाचे पाऊल पुढे रोवावे, त्यावर जोर देऊन उठावे आणि वळून बसावे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर कितीही बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.