करारात नुसतं 'कोकम' लिहू नका

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या महिला बचतगटांच्या संघाची मी सचिव. शहरातल्या एका संस्थेबरोबर पहिला सामंजस्य करार केला, तेव्हा उद्दिष्टांत एक ओळ होती : 'पहिल्या वर्षी ५०० किलो कोकम.' सह्या झाल्या, चहा झाला. मे महिन्यात कळलं, त्यांच्या मनात वाळलेली सोलं, म्हणजे कोकमाच्या साली होत्या आणि आमच्या बायका रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं मोजत होत्या! फळाच्या आणि सोलांच्या वजनात किती तफावत पडते, ते साली रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात घालणाऱ्या बाईला विचारा.

नंतर एका वकिलांनी १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम २९ वाचून दाखवलं. ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल. तिथलं उदाहरण आहे शंभर टन तेलाचं, पण कुठलं तेल ते सांगितलेलंच नाही. आमचं कोकमच की ते.

आता मी मसुद्याला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवते. या भागीदारीतून आपल्याला काय हवंय ते प्रत्येकाने खरंखरं लिहायचं. 'सक्षमीकरण' वगैरे शब्द मी खोडते. आमच्या कागदावर होतं, शाळा सुरू व्हायच्या आत हातात पैसे. त्यांच्या कागदावर, देणगीदाराला दाखवायला फोटो आणि अहवाल. यात लाजायचं काय? मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. दोन्हीकडे सापडेल ते सामायिक उद्दिष्ट. उरलेलं ज्याचं त्याचं, पण त्यासाठी समोरचा काय करील हेही करारात यायला हवं. फोटो हवेत तर कोणत्या दिवशी येणार, ते आधी सांगा. ऐन कामात बायकांना ओळीने उभं करू नका.

उद्दिष्टाचं वाक्य आम्ही आता असं लिहितो : 'संघ ३१ मेपर्यंत २०० किलो वाळलेली, बिनमिठाची सोलं देईल. वजन संघाच्या काट्यावर, दोघांसमोर होईल. संस्था १० दिवसांत पैसे खात्यात जमा करील.' कोकमाच्या भौगोलिक मानांकनासाठी (म्हणजे माल अमुक भागातलाच, ही कायदेशीर ओळख) अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची, तर कागदपत्रं कोण जमवणार आणि खर्च कोण करणार, तेही असंच सुटं सुटं.

तारखांत मात्र आम्ही सपशेल फसलो होतो. संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. मार्चच्या आढाव्यात आमच्या नावापुढे शून्य! आता आढावा भाताची लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या आधी. शिमग्यात तर बैठक ठेवूच नका, कोणी येत नाही. पाऊस लवकर आला की सोलं वाळत नाहीत, म्हणून त्या वर्षी तेवढ्या फळांचं आगळ, म्हणजे खारवलेला रस घ्यायचा, हेही कलमात आहे.

सहीआधी मसुदा गटाच्या सभेत मालवणीतून वाचून दाखवायचा. गेल्या खेपेला मी वाचत होते तेव्हा मागे बसलेल्या एका काकीने विचारलं, "ता सगळा बरा, पण काटो कोणाचो?" तोवर मसुद्यात काट्याचा उल्लेखच नव्हता.