एच-१बी व्हिसाचे नूतनीकरण भारतात करावे की अन्य देशात, हे कसे ठरवावे

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या पासपोर्टातील व्हिसाची मुदत संपत आली की स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टात नवा व्हिसा लावून घेणे, कुठे करायचे, याची चर्चा घरात सुरू होते. खरे तर त्याआधी, स्टँपिंगची गरज आत्ता आहे का, हे पाहायला हवे. पासपोर्टातील व्हिसा अमेरिकेत प्रवेश मागण्यासाठी लागतो. तेथे राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार मात्र आय-७९७ हे मंजुरीपत्र आणि आय-९४ ही प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद यांवर अवलंबून असतो. ही दोन्ही वैध असतील आणि देशाबाहेर जायचे नसेल, तर व्हिसा संपल्यामुळे नोकरीला कसलीही बाधा येत नाही.

म्हणून प्रथम आय-९४ वरील तारीख तपासावी. शेवटच्या प्रवेशाच्या वेळी पासपोर्टाची मुदत कमी उरली असेल, तर अधिकारी अनेकदा पासपोर्ट संपण्याच्या दिवसापर्यंतचीच आय-९४ देतात आणि मंजुरीपत्रावर मात्र पुढची तारीख असते. हा फरक नजरेतून सुटणे फार महागात पडते. उलट, मुदतवाढ अमेरिकेतच मंजूर झाली असेल, तर नवी आय-९४ मंजुरीपत्राच्या तळाशी जोडलेली असते, ती जपून ठेवावी. पासपोर्ट संपत आला असेल, तर त्याचे नूतनीकरण आधी उरकावे.

प्रवास करणे भागच असेल, तर पुढे जागेचा प्रश्न येतो. अमेरिकेत बसून व्हिसा नवा करून घेण्याची जुनी सोय २००४ मध्ये बंद झाली. २९ जानेवारी ते १ एप्रिल २०२४ या काळात जास्तीत जास्त २०,००० अर्जांसाठी ती प्रायोगिक तत्त्वावर उघडली होती, पण तिच्या भरवशावर आज बेत आखू नये.

कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन स्टँपिंग करण्याचा मार्ग अनेकांनी वापरला आहे. ६ सप्टेंबर २०२५ पासून मात्र अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना आहे. अन्यत्र अर्ज केल्यास व्हिसा मिळणे कठीण होऊ शकते आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. त्यामुळे कॅनडात कायदेशीर वास्तव्य नसलेल्याने हा पर्याय सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. (केवळ ३० दिवसांपर्यंतच्या कॅनडा-भेटीसाठी संपलेला व्हिसा आणि वैध आय-९४ यांवर परत येण्याची सवलत आहे, मात्र त्या भेटीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ती सवलत गमवावी लागते.)

राहता राहिला भारत, आणि खरा विचार येथेच करावा लागतो. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी साठी ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय कागदपत्रे देऊन व्हिसा नवा करण्याची, सोय उरलेली नाही. म्हणजे बोटांचे ठसे देण्यासाठी एक आणि मुलाखतीसाठी, उदाहरणार्थ मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात, दुसरी अशा दोन वेळा घ्याव्या लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसा) अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांचीही तपासणी होते, त्यामुळे त्या महिन्यातील अनेकांच्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. मुलाखत झाली तरी २२१(जी) चा, म्हणजे निर्णय तूर्त रोखून पुढील तपासणी होणार असल्याचा, कागद हाती पडला, तर पुढची तपासणी किती चालेल, हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून तिकीट काढण्याआधी आपण भारतात किती काळ अडकून राहू शकतो, याचा हिशेब मांडावा. भारतातून काम करण्याची परवानगी मिळेल का, किती आठवड्यांसाठी, आणि त्या काळात पगार व विमा चालू राहील का, हे व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीकडून लेखी घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल आणि प्रवास केवळ लग्नसमारंभासाठी असेल, तर तो पुढे ढकलावा. आई-वडिलांचे आजारपण असेल, तर मात्र नोकरीची जोखीम पत्करूनही जाणे योग्य ठरू शकते, आणि तो निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा आहे. मुले शाळेत असतील आणि त्यांना जाण्याची निकड नसेल, तर सर्वांनी एकत्र न जाता ज्याचे जाणे अटळ आहे त्यानेच जावे. मात्र मुलांचा एच-४ दर्जा आई किंवा वडिलांच्या एच-१बी वर अवलंबून असल्यामुळे, मुक्काम लांबला तर त्यांचे काय होईल, हे निघण्यापूर्वी वकिलाला विचारून घ्यावे.