भाकरीशिवाय मटण: घरच्या स्वयंपाकघरातले पॅलिओ जेवण

पॅलिओ आहाराचा नियम सांगायला सोपा आहे. धान्ये, डाळी, दूधदुभते, साखर आणि रिफाइंड तेले वर्ज्य; मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि सुकामेवा चालतो. शेतीपूर्व काळातला माणूस जे खात होता तेच आपल्या शरीराला मानवते, ही त्यामागची कल्पना डॉक्टर बॉइड ईटन आणि मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन कॉनर यांनी 1985 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखात मांडली आणि पुढे तिचा प्रसार झाला. इतिहास म्हणून ही कल्पना काटेकोर नाही, कारण सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्या-वरवंट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे अंश सापडले आहेत. तथापि ज्यांना काही आठवडे अशा पद्धतीने जेवायचे आहे, त्यांच्यासाठी प्रश्न इतिहासाचा नसून ताटाचा आहे.

आपले मटण-कोंबडीचे बहुतेक प्रकार पॅलिओच्या नियमात जवळजवळ बसतातच. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. मटणाचा रस्सा हा मुळात भाकरी कुस्करण्यासाठी केलेला पदार्थ आहे. म्हणूनच तो पातळ, झणझणीत आणि थोडा खारटाकडे झुकलेला असतो. मी पहिल्या आठवड्यात फक्त भाकरी आणि भात बंद केला आणि रस्सा वाट्या भरभरून प्यायलो. तिसऱ्या दिवसापर्यंत पोटात जळजळ सुरू झाली आणि दुपारी चार वाजले की भुकेने हातपाय गळू लागले. ताटातून भाकरी गेली की तिची जागा भाजीने घेतली पाहिजे, आणि मसाला, मीठ व पाणी तिन्ही कमी झाले पाहिजे. मी माणशी दोन-अडीचशे ग्रॅम भाजी धरतो. मटण त्याहून कमी असले तरी चालते.

या पद्धतीचा पाया म्हणून कोल्हापूरकडचे अळणी मटण (नाव अळणी असले तरी मीठ असते, तिखट-मसाला नसतो) शिकून घ्यावे, कारण एकदा शिजवले की त्यातून दोन दिवसांची जेवणे निघतात. अर्धा किलो बोकडाचे मटण घेताना निम्मे मांडीचे आणि निम्मे सीन्याचे मागावे, सोबत एखादी नळी असावी. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर खाण्याचे खोबरेल किंवा मटणाचीच चरबी तापवून त्यात एक चिरलेला कांदा गुलाबी करावा, मग अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, चमचाभर मीठ आणि मटण घालून आठ-दहा मिनिटे परतावे. मटणाला सुटलेले पाणी आटून ते कडेने तेल सोडू लागले की पातेल्यावर ताट ठेवून त्या ताटात तीन वाट्या पाणी ओतावे. खालच्या वाफेने हे पाणी तापते आणि तेच गरम पाणी थोडे थोडे करून मटणात घालायचे असते; थंड पाणी एकदम ओतले तर मटण चिवट होते, असे जुन्या बायका सांगत आणि माझा अनुभवही तसाच आहे. मंद आचेवर तासभर, कोवळे नसेल तर सव्वा तास लागतो. घाई असेल तर कुकरमध्ये गरम पाणी घालून एक शिट्टी मोठ्या आचेवर करावी आणि पुढे पंधरा-वीस मिनिटे आच बारीक ठेवावी. पळीने दाबल्यावर मांस हाडापासून सुटले, म्हणजे झाले.

पहिल्या दिवशी या पाण्यातले निम्मे काढून त्यात दुधी, लाल भोपळा आणि शेवग्याच्या शेंगा शिजवाव्यात. शेंगा आधी, भोपळा त्यानंतर आणि दुधी शेवटी घातला की सगळे एकाच वेळी शिजते. वरून ठेचलेली मिरी आणि लिंबू पुरे. या भाज्यांसोबत निम्मे मटण वाढावे. उरलेल्या मटणाचे दुसऱ्या दिवशी सुके करता येते: अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे आणि एक उभा चिरलेला कांदा तव्यावर खमंग भाजून, लसूण व कोथिंबिरीसह वाटून, त्यात घरचा कांदा-लसूण मसाला घालावा आणि मटण त्यात परतावे. खोबऱ्यानेच दाटपणा येतो, त्यामुळे काही घरांत घालतात त्या डाळव्यांची गरज उरत नाही.

धान्य आणि डाळ अशीच नकळत ताटात शिरते, म्हणून काही डबे तपासावे लागतात. बाजारातल्या पूड हिंगात बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. शेंगदाणा हे कडधान्यांच्या कुळातले असल्याने भाजीवर भुरभुरायचे दाण्याचे कूट आणि घाण्याचे शेंगदाणा तेल, दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. कुटाऐवजी भाजलेल्या तिळाचे कूट वापरावे, वांग्याच्या भाजीत तर ते अधिक शोभते. कोंबडीला दही लावण्याऐवजी लिंबाचा रस, आले-लसूण आणि हळद लावून अर्धा तास ठेवावे. साजूक तुपाबद्दल या पंथातच मतभेद आहेत. मी ते वापरतो.

माशांच्या बाबतीत रवा किंवा तांदळाचे पीठ गेले की मासा तव्याला चिकटतो, ही सर्वांची तक्रार असते. मासा धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडा टिपून घ्यावा, मीठ-हळद-तिखट लावावे, तवा नीट तापवावा, आणि खालची बाजू खरपूस होऊन स्वतःहून सुटेपर्यंत त्याला उलथने लावू नये. मांदेली अशी कुरकुरीत तळली की काट्यांसकट खाता येते. दूध बंद असताना हे कॅल्शियम उपयोगी पडते.

खिम्यात मटार घालण्याची सवय सोडून पाव किलो खिम्याला एक जुडी मेथी घालावी. खिम्याचे पाणी पूर्ण आटल्यावरच मेथी टाकावी, नाहीतर ती काळपट होते.

भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे परतून घेतात. तो आंबेमोहर नाही, त्याने आंबेमोहराची आठवण भागत नाही, तेव्हा त्या अपेक्षेने खाऊ नये. रश्शाला धरायला काहीतरी पांढरे आणि मोकळे हवे, एवढीच त्याची कामगिरी. पोट भरण्यासाठी सुरण अधिक विश्वासाचे आहे, फक्त घशाला खाज सुटू नये म्हणून ते कोकम घातलेल्या पाण्यात उकडून घ्यावे.

ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी भात-भाकरी एकाएकी बंद करू नये, कारण औषध तेच राहून साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच मांस वाढवावे.

शिजवलेले मटण ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. अळणी पाणी वेगळ्या डब्यात ठेवले की सकाळी त्यावर चरबीचा पांढरा थर धरलेला दिसतो. तो फेकू नये. चमच्याने अलगद उचलून तव्यावर वितळवावा आणि त्यात बारीक चिरलेला कोबी, दोन हिरव्या मिरच्या व चिमूटभर मीठ घालून मोठ्या आचेवर परतावा.