साठ मीटरची घोरपड कागदावर उतरवताना

कॉमिकमधल्या अजस्र प्राण्याला दात किती काढले यावर फारसं काही ठरत नाही. त्याचं वजन वाचणाऱ्याला जाणवलं पाहिजे. ते जाणवलं नाही, तर माणसांची लढाईही खोटी वाटते. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी वहीचं एक पान हिशेबाला द्या.

समजा, प्राणी घोरपड आहे. दीड मीटर लांब, चार किलोची. ती ४० पट केली की लांबी ६० मीटर होते. वजन मात्र ४० गुणिले ४० गुणिले ४०, म्हणजे ६४ हजार पट वाढतं : २५६ टन. हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त १,६०० पट वाढतं. म्हणजे हाडावरचा ताण ४० पट झाला, आणि पहिल्याच पावलाला पाय मोडला. इथे विज्ञानकथेची सवलत घ्यायची, पण एकदाच. हाडं कशाची आहेत याबद्दल एक थाप मारा आणि बाकी सगळं निसर्गाच्या नियमानं चालू द्या. दुसरी थाप मारली की लढाईतल्या अडचणींना अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त चूक उंचीत होते. ६० मीटर ही शेपटीसकट लांबी आहे. चार पायांवर चालताना खांदा जेमतेम ९ मीटरवर येतो, तीन मजली घराएवढा. ती मागच्या पायांवर उभी राहिली तर २५ मीटरच्या आसपास धरा. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे, तेव्हा ही घोरपड धरणावरून डोकावताना दाखवू नका. भिंतीच्या पायथ्याशी ती पालीएवढी दिसेल, आणि तसंच काढलेलं पान जास्त भेदरवतं.

प्रमाण चुकू नये म्हणून एक हुकमी युक्ती आहे. सपाट रानात क्षितिजाची रेघ उभ्या माणसाच्या डोळ्यांवरून, म्हणजे साधारण १.६ मीटर उंचीवरून न्या. मग प्राणी जवळ असो की लांब, ती रेघ त्याच्या पायाला खांद्याच्या उंचीच्या सहाव्या हिश्शाशी छेदलीच पाहिजे. ती पोटाशी गेली तर घोरपड म्हशीएवढी झाली म्हणून समजा. समोरासमोरच्या दोन पानांत किमान एकदा तरी माणूस, ट्रॅक्टर आणि प्राणी एकाच चौकटीत आणा.

आता जमीन. पंजाचा तळवा २० चौरस सेंटीमीटरचा होता, तो ३.२ चौरस मीटरचा झाला. चारही पाय टेकलेले असले तरी चौरस मीटरला २० टन भार पडतो. उभ्या माणसाचा हाच आकडा साधारण दोन टन असतो. त्यामुळे वाळवा-पलूसच्या काळ्या रानात, नुकतंच पाणी दिलेल्या उसात पंजा खोल रुतेल आणि उचलताना चिखलाचे लोळ ओढत निघेल. कासच्या पठारावर, जांभ्याच्या कातळावर मात्र नुसते टवके उडतील. दोन्हीकडे सारखाच ठसा काढला की हुशार वाचक तिथेच थांबतो.

उसाचा फड या कॉमिकसाठी सोन्यासारखा आहे. पुरुष-दीड पुरुष उंचीच्या उसात माणसाला आभाळाची एक चिंधी तेवढी दिसते. तीन चौकटी फक्त पाती हलताना दाखवा. चौथीत बांधावर उभी ट्रॉली, वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्यांनी, बांधलेल्या मोळ्या, आणि त्यातल्या एका मोळीतून आरपार गेलेली नखी, ६० सेंटीमीटरची, शेजारी पडलेल्या कोयत्यापेक्षा लांब. बाकीचं जनावर चौकटीबाहेर ठेवा.

वेळेचाही हिशेब आहे. पाय झुलायला लागणारा काळ लांबीच्या वर्गमुळानं वाढतो. ४० पट लांबीला सव्वासहा पट वेळ. छोट्या घोरपडीचं अर्ध्या सेकंदाचं पाऊल हिला तीन सेकंदांचं पडतं. पंजा उचलला आणि टेकला यांच्यामध्ये दोन-तीन चौकटी माणसांच्या पळापळीला मिळतात. सलग चौकटींत तिला चपळ दाखवलीत की तिचं वजन गेलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३.४ किलोमीटरवर पडलेल्या पावलाचा आवाज दहा सेकंदांनी येतो. खडकातून येणारा हादरा त्याच्या कितीतरी आधी पोचतो. आधी फळीवरची भांडी वाजवा, मग लोकांना बाहेर पळवा, आणि मग आवाज द्या. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या पाटण-कोयनेच्या घरांत अजून बोलला जातो, तिथल्या वाचकाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

लढाईची युक्तीही याच आकड्यांतून निघते. अंगाची उष्णता बाहेर टाकणारी कातडी १,६०० पट, उष्णता तयार करणारं अंग ६४ हजार पट. एवढं धूड धावलं की आतून तापणार, म्हणून ते पाण्याकडे येणार. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या कृष्णेचं पाणी कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर बरंच अवलंबून असतं. विसर्ग थांबवून नदी आटवायची आणि जनावराला उन्हात फिरवत ठेवायचं, ही योजना क्षेपणास्त्रापेक्षा सरस आहे, कारण त्यात शेतीचं पाणीही पणाला लागतं. ती नदीत उतरली म्हणून पूर मात्र आणू नका. २५६ टनांचा प्राणी फार तर २५६ घनमीटर पाणी सारतो. पात्र १०० मीटर रुंद धरलं तर किलोमीटरभराच्या पट्ट्यात पातळी अडीच मिलिमीटर चढते. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे तोंडपाठ असलेला सांगलीकर तुमचा पूर क्षणात खोडून काढेल. काठावर आपटणारी लाट चालेल.

चित्रं ए-थ्री कागदावर काढा आणि ए-फाइव्ह आकारात छापा. लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते, त्यामुळे ०.१ मिलिमीटरच्या पेनाची रेघ छपाईत तुटते. बारीक कामाला ०.३ च्या खाली जाऊ नका. जवळच्या पंजाला ब्रशची जाड रेघ, लांबच्या डोक्याला बारीक आणि धुळीनं खाल्लेली. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि शाई पसरते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आधी कोपऱ्यावर रेघ ओढून बघा. काळी-पांढरी पानं मूळ आकारात ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांना, स्कॅन करा.

अक्षरांसाठी युनिकोड फाँट घ्या. ए-फाइव्हवर साडेआठ-नऊ पॉइंट पुरतो, पण दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. छापखान्याला फाइल देण्याआधी अक्षरांचं बाह्यरेषेत (आउटलाइनमध्ये) रूपांतर करा, म्हणजे ती फाँटवर अवलंबून न राहता चित्रासारखी होतात. ते केलं नाही तर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटण्याची भीती असते. मोठे आवाज हातानंच काढा. शिरोरेघ ही देवनागरीची मोठी सोय आहे : ‘धाऽऽड’ची शिरोरेघ मधोमध तडकवा आणि पुढची अक्षरं त्या फटीत कलंडू द्या.

पिनांनी शिवायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. आत २० पानं म्हणजे ए-फोरचे पाच कागद, वर जाड कव्हर. चित्र कडेपर्यंत जात असेल तर ३ मिलिमीटर बाहेर वाढवा, आणि संवादांचे फुगे कापायच्या रेघेपासून किमान ८ मिलिमीटर आत ठेवा. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात डोळा किंवा तोंड मधल्या घडीत येऊ देऊ नका. असं चित्र नेमकं मधल्या जोडपानावर, १० आणि ११ वर घेतलं तर ते एकाच कागदावर येतं आणि शेपटी तुटत नाही. शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. आधी एकच प्रत काढून घ्या, पिना मारून, कडा कापून, आणि ती घरातल्या पिवळ्या बल्बखाली वाचून बघा. स्क्रीनवर दिसलेल्या करड्या छटांतल्या अर्ध्याअधिक तिथे काळ्या झालेल्या असतात.