एन्रिचमेंटचं वेबहुक जोडायचंय? कोडला हात लावण्याआधीची तयारी

सेल्सच्या माणसाने सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) फक्त ईमेल टाकावा आणि कंपनी, हुद्दा, मोबाइल, कर्मचारी किती हे सगळं बाहेरच्या पुरवठादाराकडून आपोआप भरून यावं, एवढीच मागणी असते. यालाच एन्रिचमेंट म्हणतात; आणि काही घडलं की एक सिस्टिम दुसरीच्या पत्त्यावर आपणहून जो निरोप पाठवते, ते वेबहुक. वेबहुक झेलणारा कोड खरोखरच फार मोठा नसतो. वेळ जातो तो कोणीच न घेतलेल्या निर्णयांत, आणि ते निर्णय मग रात्री अकरा वाजता डेव्हलपर आपल्या मनाने घेतो. म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी पुरवठादाराचं डॉक्युमेंटेशन उघडा आणि उत्तर लगेच मिळतं की मागाहून, ते बघा. अपोलो या पुरवठादाराकडे मोबाइल नंबर मागितला की विनंतीसोबत वेबहुकचा पत्ता द्यावाच लागतो. बाकीची माहिती जागच्या जागी मिळते, नंबर मात्र शोधून झाल्यावर त्या पत्त्यावर येतो, कधी काही मिनिटांनी. क्लिअरबिट हा दुसरा पुरवठादार सीआरएम बनवणाऱ्या हबस्पॉटकडे गेला २०२३ मध्ये; त्याआधीपासून तिथे उत्तर तयार नसलं की २०२ (‘विनंती घेतली, काम चालू आहे’) हा कोड मिळायचा आणि माहिती वेबहुकने यायची. थोडक्यात, एकाच माणसाची माहिती दोन हप्त्यांत येणार. मागाहून आलेला हप्ता कोणाचा हे ईमेलवरून ओळखू, असं ठरवू नका. मधल्या वेळात कोणीतरी ईमेलमधली चूक दुरुस्त केलेली असते. सीआरएमचा रेकॉर्ड आयडी विनंतीच्या वेळीच आपल्या टेबलात नोंदवा. सीआरएम सेल्सफोर्स असेल तर १८ अक्षरी आयडीच ठेवा. १५ अक्षरी आयडीत लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, एक्सेलचं व्हीलुकअप तो धरत नाही, आणि दोन वेगळे ग्राहक एकच होऊन बसतात.

मग सीआरएमची बाजू. हबस्पॉट एका विनंतीत १०० पर्यंत घटना (म्हणजे झालेल्या बदलांच्या सूचना) कोंबून पाठवतं, त्यामुळे येणारी वस्तू ही यादी आहे हे गृहीत धरूनच लिहा. सेल्सफोर्सचं आउटबाउंड मेसेज अजूनही सोप आणि एक्सएमएल या जुन्या पद्धतीच्या साच्यांत बोलतं, आणि ठरलेल्या साच्यातली पोच मिळाली नाही तर तेच परत पाठवत राहतं. झोहोच्या नोटिफिकेशन चॅनलला मुदत असते. ती वाढवणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर एके दिवशी सगळं शांत होतं आणि कोणालाच कळत नाही.

आता सही. येणारं वेबहुक खरंच पुरवठादाराकडून आलं का, हे एचमॅक-एसएचए-२५६ ने तपासायचं: दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली आणि मजकूर यांतून काढलेली ही सही. ही तपासणी आलेल्या मूळ बाइटवर करायची, जेसन (माहिती ज्या साच्यात येते तो) उलगडून पुन्हा बांधलेल्या मजकुरावर नाही. इथे मराठी माणसाला एक खास खड्डा आहे. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटचा. पीएचपीच्या जेसन-एन्कोडने तो मूळ सेटिंगवर पुन्हा बांधला की प्रत्येक चिन्हाच्या जागी युनिकोडचा सहा अक्षरी संकेत येतो आणि १२ चे २४ बाइट होतात. वेबसाइटच्या पत्त्यातल्या प्रत्येक तिरक्या रेघेपुढेही एक उलटी रेघ जास्तीची येते. इंग्रजी नावांच्या टेस्ट डेटावर सगळं हिरवं दिसतं, आणि देवनागरीत पत्ता असलेला पहिला ग्राहक आला की सही जुळत नाही. एक्सप्रेस हा नोडचा फ्रेमवर्क वापरत असाल तर जेसन उलगडणाऱ्या मिडलवेअरच्या आधी कच्चा मजकूर बाजूला काढा. पायथनच्या जँगोमध्ये रिक्वेस्टची बॉडी तशीच मिळते. शिवाय वेळेचा शिक्का बघा. हबस्पॉटच्या तिसऱ्या आवृत्तीच्या सहीत पाच मिनिटांहून जुनी विनंती नाकारायला सांगितलेली आहे, म्हणजे सर्व्हरचं घड्याळ बरोबर हवं. आणि गुप्त किल्ली बदलायची वेळ येणारच, तेव्हा जुनी आणि नवी अशा दोन्ही थोडा काळ चालतील अशी सोय आधीच करा.

उत्तर पटकन द्या. हबस्पॉट पाच सेकंद थांबतं, मग तो प्रयत्न फसला असं धरून पुढच्या २४ तासांत दहा वेळा पुन्हा पाठवतं. आलं, सही तपासली, रांगेत टाकलं, २०० दिलं; बाकीचं काम मागे. तीच घटना दोनदा येणार हे गृहीत धरा. घटनेच्या आयडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला, कारण ‘आधी बघू आहे का, मग घालू’ हा कोड दोन वर्कर एकदम धावले की फसतो. एन्रिचमेंटमध्ये प्रत्येक शोधाला क्रेडिट जातं, त्यामुळे दुहेरी घटना म्हणजे सरळ पैशाचं नुकसान.

त्याहून महाग पडतं ते चक्र. सीआरएममध्ये बदल झाला, वेबहुक आलं, आपण माहिती मागवली, सीआरएममध्ये लिहिली, तो पुन्हा बदल, पुन्हा वेबहुक. दिवसा कोणी तरी बघतं; हे सुरू होतं शुक्रवारी संध्याकाळी, आणि सोमवारी क्रेडिटची शिल्लक शून्य. सगळ्या खान्यांतल्या बदलांच्या सूचना मागवूच नका, फक्त ईमेल आणि कंपनीच्या डोमेनच्या मागवा. हबस्पॉटच्या घटनेत बदल कुठून झाला तेही येतं. इंटिग्रेशनने केलेला असेल तर सोडून द्या. आणि मूल्य खरंच बदललं असेल तरच लिहा. हे शेवटचं बोलायला सोपं आहे. पुरवठादार देतो प्लस ९१ लावलेला नंबर, सेल्सवाल्याने टाकलेला असतो शून्याने सुरू होणारा, त्यात मध्ये एक जागा सोडलेली; कोडच्या दृष्टीने हे दर वेळी वेगळे. दोन्ही आधी ई.१६४ या आंतरराष्ट्रीय फोन नंबरच्या साच्यात आणा, मग तुलना करा.

यादीतली सगळ्यात वादाची बाब मात्र कोडची नाहीच: कोणत्या खान्यात कोणाचं चालणार? प्रत्यक्ष फोनवर बोलून घेतलेला नंबर पुरवठादाराच्या नंबराने पुसला गेला की सेल्सची टीम तुमच्या सिस्टिमवरचा विश्वास कायमचा काढून घेते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझं मत सरळ आहे: पुरवठादाराची माहिती वेगळ्या खान्यांत ठेवा आणि मुख्य खानं रिकामं असेल तरच त्यात उतरवा. ‘नाही’ (नल) म्हणून आलेलं मूल्य आणि मुळात आलेलंच नाही असं मूल्य, यांतला फरक लिहून ठेवा. पहिल्याने माहिती पुसायची की नाही ते सेल्स हेडला विचारा. कर्मचारी संख्या बहुधा ‘५१ ते २००’ अशा पट्ट्यात येते, ते खानं आकड्याचं करू नका. आणि १-१० हा पट्टा सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडला की त्याची तारीख होते, हेही सेल्स ऑपरेशन्सच्या कानावर घाला.

भारतीय ग्राहकांबद्दल एक वेगळी नोंद. परदेशी पुरवठादार कंपनी ओळखतात ती डोमेनवरून, आणि आपल्याकडचा भोसरीतला किंवा वेर्ण्यातला छोटा कारखानदार जीमेलवरून बोलतो. तिथे उपयोगी पडतो जीएसटी नंबर. १५ अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच कंपनीचे प्रत्येक राज्यात वेगळे जीएसटी नंबर असतात, तेव्हा कंपनी जुळवायची ती मधल्या पॅनवरून आणि शाखा जुळवायची ती पूर्ण नंबरवरून.

कायद्याचा माणूस लवकर बोलवा. युरोपातल्या लोकांची माहिती तिसऱ्याकडून घेतली तर जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्यांना जास्तीत जास्त एका महिन्यात कळवावं लागतं. आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेव्हलपरच्या वाट्याला यातून येणारं काम असं: ‘माझी माहिती काढा’ अशी मागणी आली तर सीआरएमसोबत रांग, फसलेल्या घटनांची पेटी आणि कच्चे लॉग यांतूनही ती निघाली पाहिजे. कच्चे लॉग किती दिवस ठेवायचे ते आजच ठरवा.

चाचणीसाठी एनग्रोकसारखा बोगदा (आपल्या संगणकावरचा सर्व्हर बाहेरून दिसू देणारा) आणि नावं बदललेले खरे पेलोड (वेबहुकमधला मजकूर) पुरतात. तीच घटना दोनदा पाठवा, क्रम उलटा करून पाठवा, तासभर सर्व्हर बंद ठेवून उठवा. रोज रात्री सीआरएममधल्या, मागणी गेली पण उत्तर न आलेल्या नोंदी शोधणारं एक काम लावा. अलार्म चुका वाढल्यावर तर वाजावाच, पण कामाच्या वेळेत काहीच आलं नाही तरीही वाजावा.

आणि सुरुवातीला सीआरएममध्ये काही लिहूच नका. आलेली माहिती बाजूच्या टेबलात साठवा, त्यातल्या शंभरेक ओळी काढून सेल्सच्या एखाद्या जुन्या माणसाला द्या आणि चुकीच्या खान्यांवर फुली मारायला सांगा. ज्या खान्यात फुल्या जास्त, त्याला लिहायची परवानगी द्यायची नाही. बाकीची एकेक करून उघडा.