खुरपं लागल्यावर दगडीपाला कसा लावावा

निंदणी करताना बोटाला खुरपं लागलं की बांधावरचा दगडीपाला चोळून पिळायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यालाच कुठे एकदांडी म्हणतात, कुठे कंबरमोडी. पण रक्त थांबतं ते मुख्यतः दाबाने. म्हणून पाला शोधायला धावू नका, आधी जखम दाबा.

स्वच्छ सुती फडक्याची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. सलग 10 मिनिटं. बहुतेकांचं इथेच चुकतं: मध्येच फडकं उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी सुटते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. रक्त थांबलं की पिण्याच्या पाण्याची धार धरून माती काढा. पुन्हा वाहिलं तर पुन्हा दाबा.

आता पाला. पानं समोरासमोर, दातेरी, खरखरीत. वीतभर दांड्यावर एकच फूल: मध्ये पिवळं, कडेला पाचेक पांढरट पाकळ्या, टोकं कातरलेली. गाजरगवताशी गल्लत करू नका. त्याची पानं गाजरासारखी चिरलेली, फुलं बारीक आणि झुपक्यात. त्याने कातडीवर पुरळ उठतं.

फवारणी न झालेल्या जागची 15-20 कोवळी पानं घ्या. पानांच्या लवेत माती अडकते, म्हणून तीन पाण्यांनी धुवा. हात साबणाने आणि खलबत्ता उकळत्या पाण्याने धुऊन पानं पाणी न घालता ठेचा, धुतलेल्या मलमलीतून पिळा. खरचटल्यावर किंवा उथळ चिरेवर 5-6 थेंब पुरेत. चुणचुणेल. वाळल्यावर गॉजची पट्टी बांधा. चोथा जखमेत भरू नका, कण आत राहून पू होतो. पानं चावून तर कधीच लावू नका, तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. उरलेला रस टाकून द्या.

हळद दाबून भरली की खपली धरते खरी, पण जखम किती खोल आहे ते डॉक्टरांनाही दिसत नाही. शेण, माती, राख, चुना-तंबाखू अजिबात नको. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात.

रक्त उडत असेल, 10 मिनिटं दाबूनही थांबत नसेल, जखमेची तोंडं उघडी असतील, बोट बधिर झालं असेल किंवा मधुमेह असेल, तर पाला न लावता दाब कायम ठेवून दवाखाना गाठा. कुत्रं चावलं तर 15 मिनिटं साबण-पाण्याने धुऊन थेट रेबीजच्या लशीसाठी जा. जखमेत माती गेली असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 किंवा जास्त वर्षं झाली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.